फळ्यामागचे डबे

एल्फिन्स्टन हायस्कूलमधला तो प्रसंग आपल्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. चौदा एप्रिलच्या भाषणात तो हमखास येतो. मास्तरांनी भीमरावाला उदाहरण सोडवायला फळ्याकडे बोलावलं आणि वर्गात एकच गलका उडाला. फळ्यामागं सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीम जवळ गेला तर डबे बाटणार. पोरं धावली, डबे बाजूला फेकले, मगच भीमाला फळ्यापाशी जाता आलं.

वक्ता इथं थांबतो. घोटभर पाणी पितो. लोक चुकचुकतात. आयाबायांचे डोळे भरून येतात. मग भाषण पुढच्या प्रसंगाकडे सरकतं.

मी मात्र तिथंच अडकून बसतो. च्यायला, त्या उदाहरणाचं काय झालं? कसलं उदाहरण होतं ते? एवढी बोंबाबोंब चालू असताना त्या पोरानं हातात खडू धरून डोकं कसं चालवलं? हे कुणीच विचारत नाही. डब्यांचा अपमान आम्ही शंभराहून जास्त वर्षं उराशी धरलाय. धरायलाच पाहिजे. पण फळ्यावरचं उदाहरण आम्ही तिथंच टाकून आलो. आणि ज्यांनी डबे उचलले त्यांची नातवंडं ते उदाहरणही उचलून घेऊन गेली.

दोस्तहो, मी गोदीत काम करतो. कंत्राटी. शिक्षण दहावी पास. कविता लिहितो, त्यातल्या काही या पानांवर तुम्ही वाचल्यात. आज कविता नाही. आज गणितावर बोलायचंय. हसू नका. अंगावर काटा यायची सवय असेल तर येऊ द्या, पण पान उलटू नका.

*

२०१६ साली मी दहावी झालो. त्याच्या दोन वर्षं आधी, आठवी संपताना, आमच्या शाळेत एका बाईंनी वर्गात यादी वाचली. यादीतल्या पोरांनी बीजगणित-भूमिती घ्यायची नाही, ‘सामान्य गणित’ घ्यायचं. तेव्हा मंडळात तशी सोय होती. आमच्या वस्तीचं एकही नाव त्या यादीतून सुटलं नव्हतं. बाई दुष्ट नव्हत्या, उलट मायाळू होत्या. म्हणाल्या, “तुम्हाला झेपेल असं आहे रे. पास तरी व्हाल.” आम्ही खूष. आई खूष. बाप पेढे आणायला तयार.

पास झालो. मार्कशीट घेऊन डिप्लोमाची चौकशी करायला गेलो. खिडकीतल्या माणसानं कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि तसाच परत सरकवला. “सामान्य गणित चालत नाही.” बस्स. शिवी नाही, हाड-हूड नाही. चार शब्दांत दार बंद. मी जिन्यात बसून तो कागद बघत होतो. पास असं लिहिलं होतं त्यावर. पास म्हंजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पास म्हंजे पुढे जा, पण इकडून नाय, तिकडून.

पुढे तो विषय बंद झाला. पण डोकं तेच राहिलं. २०२४ साली राज्याच्या शालेय शिक्षण आराखड्यात अशी सूचना आली की दहावीला गणित किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी आणि २० किंवा जास्त मार्क पडले तरी पोराला अकरावीला जाऊ द्यावं. फक्त गुणपत्रकावर शेरा मारावा, आणि गणित-विज्ञानाची वाट त्याला बंद. वर्तमानपत्रात दोन दिवस धुरळा उडाला. एक बाजू म्हणाली, दर्जा घसरला. दुसरी म्हणाली, गरिबांच्या पोरांची गळती थांबेल. दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्यच होती, की या पोरांना गणित येणार नाही. भांडण एवढंच, की न येणाऱ्यांना कुठल्या दारातून बाहेर काढायचं.

मला दोघांशीही भांडायचंय. गणित येत नाही म्हंजे काय? आणि ते आम्हाला शिकवलं कधी?

*

माझ्या गोदीतल्या पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. लोखंडी पट्ट्यांचा बंडल उचलायचा होता. वायररोपच्या स्लिंगचे दोन पाय बंडलाच्या दोन टोकांना, वर हूक. बंडल लांब, स्लिंग आखूड. त्यामुळं दोन्ही पाय फाकून पसरट झालेले. आमचा मुकादम म्हातारा, चौथी नापास. तो लांबूनच हात हलवत ओरडत आला, “पसरट घेऊ नको, लांब स्लिंग आण!” लांब स्लिंग दुसऱ्या शेडला. सुपरवायझर म्हणाला, “वजन दोन टनाचं, स्लिंग दीड-दीड टनाचे दोन पाय. दीड आणि दीड तीन. घाबरतो काय? उचला.” उचललं. डोक्याएवढ्या उंचीवर एक पाय तुटला. माझ्या शेजारच्या माणसाचा पाय गुडघ्याखाली गेला. चौकशीच्या कागदावर आलं, कामगाराचा निष्काळजीपणा.

दीड आणि दीड तीन. बेरीज बरोबर होती. सुपरवायझर शिकलेला होता. चौथी नापास मुकादमाला जे माहीत होतं ते त्याला माहीत नव्हतं. पण मुकादमाला ‘का’ सांगता येत नव्हतं, म्हणून त्याच्या शब्दाला किंमत नव्हती. त्याचं ज्ञान हातात होतं, कागदावर नव्हतं. आणि चौकशीत कागद बोलतो, हात नाय.

ते ‘का’ मला तीन वर्षांनी सापडलं. कुठे? दहावीच्या भूमितीच्या पुस्तकात. त्रिकोणमितीच्या धड्यात. जो धडा सामान्य गणितवाल्यांना नव्हताच.

त्या वेळी आम्ही काही जणांनी वडाळ्याच्या आमच्या वस्तीत, बुद्धविहारात, संध्याकाळची अभ्यासिका चालू केली होती. नववी-दहावीची पोरं. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून गणित माझ्या गळ्यात पडलं. मी रात्री पुस्तक घेऊन स्वतः शिकायचो आणि संध्याकाळी पोरांना सांगायचो. पुस्तकात कोष्टक होतं: ३० अंश, ४५ अंश, ६० अंश; साइन, कोसाइन. पोरांना ते पाठ होतं, मंत्रासारखं. विचारलं, हे कशाला लागतं? एक पोरगा म्हणाला, “तीन मार्काला.”

मग मी भंगारवाल्याकडून स्प्रिंगचे दोन काटे आणले, ज्यावर तो रद्दी तोलतो तसले. एका पिशवीत लिटर-लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या. दोन किलो. पिशवीला दोन दोऱ्या, प्रत्येक दोरीला एक काटा. दोन पोरं समोरासमोर उभी केली. काटे जवळ, दोऱ्या सरळ उभ्या. दोन्ही काट्यांवर एक-एक किलो. पोरं म्हणाली, बरोबर, निम्मं निम्मं. म्हटलं, आता लांब व्हा. दोऱ्या पसरू द्या. पिशवी तीच, पाणी तेच. काटे सरकायला लागले. सव्वा किलो. दीड किलो. अजून लांब. दोन्ही काट्यांवर दोन-दोन किलो!

विहारात शांतता. मग एका पोरीनं विचारलं, “सर, जास्तीचं वजन आलं कुठून?”

मित्रांनो, हा प्रश्न मी विचारला नव्हता. तो पुस्तकात नव्हता, पेपरात नव्हता. तो तिचा होता. त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नीट येत नव्हतं. पोरांनी तीन संध्याकाळी त्यावर घातल्या. पुठ्ठ्यावर कोन आखले, कोनमापक लावला, प्रत्येक कोनाला काटा काय दाखवतो ते लिहून काढलं. दोन दोऱ्यांमधला कोन ६० अंश असताना सव्वाच्या जरा आत. ९० ला एक किलो चारशेच्या आसपास. १२० ला पुरते दोन. मग कुणीतरी पिशवीतून वर उभी रेघ मारली. कोन दोन निम्म्यांत फुटला. १२० चा निम्मा ६०. आणि ६० चा कोसाइन एक द्वितीयांश! म्हंजे दोरी दोन किलोनं ओढते तेव्हा तिच्यातलं निम्मंच वर उचलायच्या कामी येतं. उरलेला जोर आडवा. ही दोरी त्या दोरीशी भांडत बसते. पाठ केलेलं कोष्टक त्या दिवशी पहिल्यांदा बोललं.

आता त्या बंडलाकडे या. दोन टन वजन, पाय १२० अंशापर्यंत फाकलेले. प्रत्येक पायावर एक टन नाही, दोन टन. स्लिंगची ताकद दीड. तुटणारच. दीड आणि दीड तीन ही बेरीज बरोबर होती, फक्त प्रश्न चुकीचा सोडवला होता. हे उत्तर चौकशीच्या टेबलावर मांडणारा एक जरी माणूस आमच्यात असता, तर ‘निष्काळजीपणा’ हा शब्द कुणाच्या नावापुढं लागला असता?

माझं म्हणणं हे आहे. गणित येणं म्हंजे उत्तर येणं नव्हे. समोर आलेला प्रश्न स्वतःचा करून घेणं, त्याला भिडणं, आणि आलेलं उत्तर कुणाच्याही तोंडावर सिद्ध करून दाखवणं, याला गणित येणं म्हणतात. आमच्या पोरांना शाळा पहिल्यापासून दुसरंच शिकवते. हे सूत्र, ही पायरी, असं लिही, का विचारू नको. ‘का विचारू नको’ ही ओळख पटते का? हजारो वर्षं आपल्याला हेच सांगितलं गेलं. मंत्र पाठ करणाऱ्यांनी आम्हाला मंत्र दिला नाही, आणि आता द्यायची वेळ आली तर नुसता मंत्रच दिला, अर्थ ठेवून घेतला.

*

आता कुणी म्हणेल, गोदीतला गडी अध्यापनशास्त्र शिकवतो. शिकवत नाय बाबा. ज्यांनी शिकवलं त्यांची नावं सांगतो.

जॉर्ज पोल्या नावाचा हंगेरीत जन्मलेला गणिती. त्याचं ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ हे पुस्तक १९४५ साली आलं. त्याच्या चार पायऱ्या जगभर शिकवतात. प्रश्न समजून घे. बेत आख. बेत तडीला ने. मग मागं वळून बघ. आपल्या शाळांत पहिली पायरी मास्तर स्वतः करतो, दुसरी गाइड करतं, तिसरी पोरगं करतं, आणि चौथीच्या आधी घंटा होते. उत्तराखाली दोन रेघा मारल्या की गणित संपलं. मागं वळून बघायची सवय लागली तर हे पोरगं उद्या इतिहासाकडेही वळून बघेल.

दुसरा माणूस आपल्या जास्त जवळचा. बॉब मोझेस. हार्लेममध्ये वाढलेला काळा माणूस, न्यूयॉर्कमध्ये गणिताचा मास्तर. १९६० च्या दशकात तो मिसिसिपीत गेला, तिथल्या काळ्या शेतमजुरांची मतदार म्हणून नोंद करायला. तिथं नोंदणीसाठी परीक्षा होती. गोरा अधिकारी राज्यघटनेचं एखादं कलम पुढं टाकायचा आणि म्हणायचा, याचा अर्थ सांग. अर्थ बरोबर की चूक हे तोच ठरवणार. ज्यांना शाळाच धड दिली नाही त्यांना अक्षरओळखीच्या परीक्षेत नापास करायचं! १९६५ च्या कायद्यानं ते मोडलं. त्यासाठी माणसं मेली.

मग हाच मोझेस १९८० च्या दशकात पुन्हा शाळेत आला. स्वतःच्या मुलीच्या वर्गात बीजगणित शिकवता शिकवता त्यानं ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ उभं केलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. या काळात बीजगणित न येणं म्हंजे त्या काळात मत नसणं. जो तिथं अडला तो पुढच्या सगळ्या कामांतून, सगळ्या निर्णयांतून बाहेर. म्हणून बीजगणित हा नागरी हक्क. २००१ साली त्यानं सहलेखकासोबत यावर पुस्तक लिहिलं, २०२१ साली तो गेला. आपल्या पँथरनं १९७२ साली अमेरिकेतल्या काळ्या पँथरकडून नाव घेतलं. नाव घेतलं, जोश घेतला. मिसिसिपीतल्या या मास्तराकडून बीजगणित घ्यायचं मात्र राहून गेलं.

तो शिकवायचा कसं, ते ऐका. पोरांना घेऊन बोस्टनच्या लोकलमध्ये बसायचा. प्रवास करा. मग त्याचं चित्र काढा. मग आपल्या बोलीत सांगा काय झालं. मग तेच नेमक्या शब्दांत सांगा. सगळ्यात शेवटी चिन्हं. आपल्याकडे चिन्हं आधी येतात आणि प्रवास कधीच होत नाही.

मी हे हार्बर लाइनवर करून बघितलं. वडाळा म्हंजे शून्य. कुर्ल्याकडे अधिक: जीटीबी नगर १, चुनाभट्टी २, कुर्ला ३. सीएसएमटीकडे उणे: शिवडी उणे १, कॉटन ग्रीन उणे २, रे रोड उणे ३, डॉकयार्ड रोड उणे ४. आता रे रोडवरून कुर्ल्याला जायचं तर किती स्टेशनं? पोरं बोटं मोजून म्हणाली, सहा. लिहा. जिथं पोचलो त्यातून निघालो ते वजा. तीन वजा उणे तीन. उत्तर सहा. नववीची पोरं, दोन वर्षं ‘मायनस मायनस प्लस’ घोकत होती. एक जण डोक्याला हात लावून म्हणाला, “म्हंजे हे खरंच आहे व्हय!” त्याला आजवर वाटत होतं, हा मास्तरांचा नियम आहे, शाळेच्या गणवेशासारखा.

*

पुस्तकातलं एक उदाहरण तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. बारा मजूर एक काम दहा दिवसांत करतात, तर वीस मजूर किती दिवसांत? उत्तर सहा. व्यस्त प्रमाण. पुस्तकातला मजूर कधी दमत नाही, त्याला नाव नसतं, त्याची पाठ दुखत नाही. मजुरांच्या पोरांना मजुरांचं गणित घालतात आणि त्यात मजूरच नसतो.

मी म्हटलं, आपण खरं गणित घालू. जहाजाच्या पोटात गोणी आहेत, पन्नास किलोची एक. जाळ्यात तीस गोणी भरायच्या, म्हंजे दीड टन. क्रेनचा हूक वर जाऊन, खाली करून परत यायला चार मिनिटं. जाळी दोन, एक वर असताना दुसरी भरायची. सहा माणसं चार मिनिटांत एक जाळं भरतात. तासाला किती टन? पंधरा फेऱ्या, साडेबावीस टन. आता माणसं बारा केली तर? पोरं एका सुरात ओरडली, “पंचेचाळीस!” पुस्तकातलं उत्तर. मी गप्प राहिलो. कोपऱ्यातून आवाज आला, हूक तर चार मिनिटांनीच येणार ना? बारा माणसं दोन मिनिटांत जाळं भरतील आणि दोन मिनिटं वर बघत उभी राहतील. साडेबावीसच! तीन माणसं केली तर? आठ मिनिटं लागतील, हूक वाट बघेल, सव्वाअकरा टन. आलेख काढला. रेघ वर चढत गेली आणि सहावर येऊन आडवी झाली. प्रमाण कुठवर चालतं आणि कुठं मोडतं, हे पोरांनी स्वतः शोधलं. ते कुठल्याही गाइडात छापलेलं नाही.

मग ती पाण्याच्या वजनाची पोरगी म्हणाली, “पप्पांच्या टोळीत पाचच माणसं आहेत.” झालं. आता प्रश्न हाताबाहेर गेला. पाच माणसांनी सहाचा वेग ठेवायचा तर प्रत्येकाला एका फेरीत पाचऐवजी सहा गोणी. अडीचशेऐवजी तीनशे किलो. तासाला पंधरा फेऱ्या. एका माणसाच्या पाठीवर तासाला साडेसातशे किलो जादा. पाळीचे सात तास धरले तर सव्वापाच टन. एका पाळीत, एका माणसाच्या पाठीवर. आणि मजुरीत एक पैसा जास्त नाही. एका माणसाची मजुरी कुणाच्या खिशात गेली, हा पुढचा प्रश्न पोरांनी मला विचारू दिला नाही. आधीच सोडवून बसली होती. दुसऱ्या दिवशी तिचा बाप विहारात आला. कागद मागितला. म्हणाला, “पाठ रोज सांगत होती, आकडा कळत नव्हता.”

असंच आमच्या वस्तीतलं रोजवसुलीचं कर्ज. दहा हजाराचं कर्ज, पण हातात नऊ हजार. रोज शंभर, शंभर दिवस. बायकांना विचारा व्याज किती, म्हणतील दहा टक्के. पोरांनी ते फोडलं. नऊ हजारावर एक हजार, म्हंजे अकरा टक्क्यांच्या वर. पण थांबा, मागं वळून बघा. नऊ हजार शंभर दिवस तुमच्याकडे राहतात का? रोज हप्ता जातोच की. सरासरी धरली तर साडेचार हजारच वापरायला मिळतात. साडेचार हजारावर शंभर दिवसांत हजार, म्हंजे बावीस टक्के. वर्षाला ऐंशीच्या आसपास! पोल्याची चौथी पायरी म्हणतात ती ही. दोन रेघा मारून थांबला असता तर दहा टक्केच राहिले असते.

*

आता माझ्या चुकाही सांगतो, नायतर ही नुसती फुशारकी होईल.

पहिल्या महिन्यात मी माजलो होतो. पाठांतर हाणून पाडायचं म्हणून पोरांपुढं अवघड प्रश्न फेकायचो आणि म्हणायचो, सोडवा, तुम्ही क्रांतिकारक आहात. वीस पोरांची सात झाली. बाकीची कुठं गेली ते बघायला घरी गेलो. एक पोरगा म्हणाला, “शाळेत पण येत नाय, इथं पण येत नाय, मग दोन ठिकाणी कशाला यायचं?” मला कानफटात बसल्यासारखं झालं. पोहायला शिकवतो म्हणून पाण्यात ढकलणाऱ्याला मास्तर म्हणत नाहीत. तेव्हापासून रीत बदलली. आधी एक उदाहरण मी फळ्यावर पूर्ण सोडवतो, प्रत्येक पायरीला का ते बोलत. मग तसलंच पोरं जोडीनं सोडवतात. मग त्यात एक गोष्ट बदललेली. आणि मग मोकळा प्रश्न. पाढे पाठ पाहिजेतच. ज्याचं सात आठे छप्पनमध्येच डोकं अडकलंय, त्याच्याकडे विचाराला जागा उरत नाही. घोकंपट्टीच्या विरोधात बोलणाऱ्या पांढरपेशा शिक्षणतज्ज्ञांना हे सांगायला पाहिजे. त्यांच्या पोराचे पाढे आजोबा घरी घेतात. आमच्या पोराचे कोण घेणार? आजोबा खाडीत भराव टाकत होते.

दुसरी चूक. मी चुकीच्या उत्तराला हसायचो. आता चुकीचं उत्तर फळ्यावर लिहितो आणि विचारतो, हे कुठल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे? सुपरवायझरची तीन टनाची बेरीज आठवते? ती सरळ उभ्या दोऱ्यांच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर होती. चुकीत बऱ्याचदा अर्धी वाट असते.

आणि तिसरी गोष्ट, जी माझ्या हातात नाही. परीक्षा. पोरं म्हणतात, सर, तीन संध्याकाळी एका प्रश्नाला, आणि पेपरात दोन तास. हे खरं आहे. क्लासवाले तेवढ्या वेळात तीन धडे ‘आयएमपी’ करून संपवतात. मी पोरांना खोटं सांगत नाही. पेपर सोडवायचा सराव आम्ही करतोच. पण ज्यानं स्वतः वाट काढलीय त्याला पेपरातलं वळण बदललं तरी भीती वाटत नाही, एवढं मी बघितलंय. देशाच्या २००५ च्या अभ्यासक्रम आराखड्यातही लिहून ठेवलंय की गणिताची भीती घालवा, मुलाच्या विचाराचं गणितीकरण करा. चांगलं लिहिलंय. कागदावर सगळं चांगलंच असतं, घटनाही. कागद वर्गात उतरवायला शिक्षक लागतो, आणि त्या शिक्षकाला जनगणनेतून, निवडणुकीतून, खिचडीच्या हिशेबातून सोडवावं लागतं. ही मागणी आपल्या मोर्चात का नसते?

*

शेवटचं आपल्याच लोकांना.

आपण सगळे कवी झालो. मी पण. भाषा आपण हिसकावून घेतली, शिवीला साहित्यात नेऊन बसवलं, अभिमान आहे. पण हिशेब त्यांच्याकडेच राहिला. बजेट ते मांडतात, व्याज ते ठरवतात, स्लिंगची ताकद ते छापतात, आणि आपण त्यावर कविता लिहितो. गणित हे त्यांचं आहे, आपल्या रक्तात नाही, असं जेव्हा आपलाच कार्यकर्ता हसत हसत बोलतो, तेव्हा तो मनूचं काम फुकटात करत असतो. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं प्राथमिक शाळेत काय शिकवावं ते सांगितलं, त्यात वाचन-लेखनाच्या जोडीला हिशेब होता. शेतकऱ्याला कोण कसं लुटतं हे ज्याला माहीत होतं, त्याला हिशेबाची किंमत माहीत होती. बाबासाहेबांचा १९२३ सालचा ग्रंथ तर नावातच प्रश्न घेऊन उभा आहे, रुपयाचा प्रश्न. परक्या सरकारच्या चलनाचा हिशेब फोडून दाखवणारा तो माणूस, ज्याला फळ्यापर्यंत पोचू देताना डबे हलवावे लागले होते. त्या माणसाचा पुतळा आपण दर चौकात बसवला. त्याच्या हातात पुस्तक दिलं. खडू द्यायला विसरलो.

म्हणून सांगतो. प्रत्येक विहारात, प्रत्येक समाजमंदिरात आठवड्याची एक संध्याकाळ गणिताला द्या. फळा पाहिजे, खडू पाहिजे, भंगारातले दोन काटे पाहिजेत. मास्तर मोठा नसला तरी चालेल. मला तरी काय येत होतं? प्रश्न आपल्या वस्तीतून उचला. नळाला पाणी किती वेळ येतं आणि किती घरांना पुरतं. रेशनच्या तांदळात किती मारलं. वीजबिल कसं चढलं. बापाच्या पाठीवर किती किलो. पोरांना वेळ द्या. उत्तर सांगायची घाई करू नका. आणि कुणी तुमच्या पोराला दयेनं म्हणालं, याला सोपं द्या, तर हात जोडून सांगा, बाई, सोपं नको. अवघड द्या, आणि सोडवायला शिकवा.

पाण्याची ती पोरगी यंदा दहावीला आहे. परवा ती फळ्यापाशी गेली आणि उदाहरण अर्ध्यात सोडून मागं वळली. म्हटलं, काय झालं? म्हणाली, “सर, सरका जरा. उजेड अडतोय.”

मी सरकलो.

जय भीम.